दोन ठिपके

उद्यमनगरात नऊ वाजता लेथ सुरू होतात,
मग कुणी कुणाला शिवी दिली तरी ऐकू येत नाही.
बरं असतं ते.

वडणग्याचा जोतिराम चौगले काल गाडी लावून गेला.
"मागनं कुईकुई करतीया मिस्त्री,
खड्ड्यात गेली की बुडाखाली कायतरी मोडल्यागत वाटतंय."
दोन्ही अंगाला कॅन, रोज चाळीस लिटर, अकरा वर्षं.
सांडलेलं दूध जातं कुठं, कोण बघतंय?
ते चिमट्याच्या फटीत उतरतं,
तिथं आंबतं
आणि लोखंडाला गुपचूप चाटत बसतं.

शॉकअप खोलले. वरचे निघाले,
खालच्यांनी कुरकुर केली, पण निघाले.
राहिला चिमट्याचा बोल्ट.
नट सुटला. बोल्ट फिरलासुद्धा.
ओंक्याला वाटलं, झालं काम.
म्हटलं, फिरतोय तो एकटा बोल्ट नव्हे गड्या,
बुशातली नळी त्याच्यासंगं फिरतीया.
गंजानं दोघांची एकच वस्तू केलीया.

रात्रभर डिझेल पाजलं.
सकाळी गॅस लावला, तर रबर जळलं,
समोरच्या फौंड्रीतला वॉचमन नाक धरून बघून गेला.
हातोडा घातला, तर टोक अळंब्यासारखं पसरलं,
म्हणजे आता तिकडूनही वाट बंद.

मग मी शिव्या दिल्या.
बोल्टाला नव्हे, बसवणाऱ्याला.
कुठल्या गाढवानं कोरडाच ठोकलाय,
बोटभर ग्रीस लावायला काय बापाची इस्टेट जात होती?
ओंक्या हसला. पाठ करून घेतल्यासारखा.

शेवटी पातं.
चेसी आणि चिमटा, मधे नखाएवढी फट,
करवतीची मूठ मावत नाही,
नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळलेलं,
दोन बोटांच्या जोरावर.
डावी बाजू दीड तास. तीन पाती.
चहा आला, त्यावर साय धरली, तसाच परत गेला.
उजव्या बाजूला बोटाचं साल गेलं
तेव्हा कुठं चिमटा सुटून
ओंक्याच्या मांडीवर आला.

बोल्टाचं डोकं माझ्या तळहातात. गरम.
सवयीनं अंगठ्यानं गंज पुसला.

खाली दोन ठिपके.
शेजारी शेजारी, पंचानं मारलेले.

सबंध उद्यमनगरात
आवळलेल्या बोल्टावर दोन ठिपके मारायची खोड
एकालाच आहे.
वस्तादानं एक शिकवला होता,
दुसरा मी माझ्या मनानं वाढवला,
एकोणतिसाव्या वर्षी, अंगात आलं होतं तेव्हा.

आठवून बघितलं.
ग्रीसचा डबा संपला होता?
थोरलीला ताप होता? शाहू मैदानावर मॅच होती?
काहीच आठवेना.
एखादं कारण सापडलं असतं
तर त्यावर बसता तरी आलं असतं.

"वस्ताद, कोण हो ते गाढव?"
ओंक्यानं विचारलं.
लेथच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

नवा बोल्ट, नवे बुश.
ग्रीस एवढं भरलं की दोन्हीकडनं ओघळलं.
ओंक्या म्हणाला, जास्त झालं.
म्हटलं, होऊ दे.

पाचला जोतिराम आला. बिलात बोल्ट, बुश, पाती.
"मजुरी?"
"ऱ्हाऊ दे."
तो चिमट्याकडं वाकून वाकून बघायला लागला.
फुकटचं काम म्हणजे कच्चं, एवढं त्यालाही कळतं.
शेवटी दोनशे घेतले, तेव्हा त्याला धीर आला.
गटाराच्या जाळीवरनं गाडी गेली,
मी कान लावून बसलो.
काही वाजलं नाही.

सहाला लेथ थांबले.
रॉकेलनं हात धुता धुता ओंक्या पुन्हा म्हणाला,
आता सगळं ऐकू येत होतं,
"ते गाढव कोण म्हणालासा?"

मी खिशातनं बोल्टाचं डोकं काढलं
आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवलं.